पत्रावळीतली आमटी

मला एका जागी बसवत नाही. वर्गातही माझा पाय सतत हलायचा, आणि शेजारची मैत्रीण तो गुपचूप दाबून धरायची. ती राजूरकडच्या डोंगरातली, होस्टेलवर राहणारी, बोलायची कमी. सरांनी एकदा आम्हाला फॉर्म वाटले. पर्यावरणाची किती काळजी वाटते, लोकांच्या उपयोगी पडेल असा धंदा काढावासा वाटतो का, असले प्रश्न. मी पाच मिनिटांत सगळीकडे 'पूर्ण सहमत' ठोकून दिलं. 'अपयश आलं तरी काम चालू ठेवाल का?' हा प्रश्न तिनं कोरा सोडला. सरांनी विचारलं तर म्हणाली, अजून कशात पडलेच नाही, तर काय लिहू? वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पुढे धंद्याची कल्पना निघाली ती माझ्याच डोक्यातून. आमच्या गावच्या यात्रेत आमटी-भाकरीचं जेवण असतं, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात थर्माकोलच्या ताटांचा खच पडतो. शेळ्या ते चघळतात. ते बघून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मैत्रिणीच्या गावातल्या बायका पळसाच्या पत्रावळी लावतात; त्या आणायच्या आणि गावोगावच्या जेवणावळींना पुरवायच्या. घरी वडिलांचं एकच पालुपद: सुप्याच्या कंपनीत जागा निघाल्यात, अर्ज भर. मी हट्टाला पेटले. शेवटी ठरलं, यात्रेत पत्रावळी चालल्या तर धंदा, नाही तर कंपनी.

मैत्रीण म्हणत होती, आधी एकदा घरी जेवून बघू. मला कुठला धीर! कॉलेजात पत्रावळीवर पोहे खाऊन झाले होते की.

यात्रेत पंगत बसली. लोकांनी भाकरी कुस्करली, वर कढत आमटी ओतली गेली. आमटी-भाकरीवर वाढलेली नगरची पोरगी असून मी आमटीच विसरले होते! ती पानं जोडलेल्या टाक्यांतून निघाली ती थेट लोकांच्या धोतरांवर, लुगड्यांवर. जो तो माझ्या नावानं बोटं मोडायला लागला. वडील मान खाली घालून वाढत राहिले. मला तिथं उभं राहवेना. देवळामागे जाऊन मी हमसून हमसून रडले.

परत आले तर मैत्रीण घराघरातून ताटं मागून आणत होती. वाढणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, पूर्वी यात्रेला प्रत्येकजण घरूनच ताट आणायचा. पंगत पुन्हा बसली, जेवली, उठली. मग ही हौदापाशी ताटं घासायला बसली. मी म्हटलं, ऊठ, संपलं सगळं. तिनं मान वर केली नाही.

"तुझं संपलं असंल. मला ताटं परत द्यायची हायत."

मी सुप्याला लागले. तिनं आपल्या गावातल्या त्याच पत्रावळीवाल्या बायकांना जोडीला घेऊन स्टीलची ताटं जमवली. आता त्या टेम्पोनं जेवणावळींना ताटं नेतात, घासून परत आणतात. पत्रावळी फक्त कोरड्या फराळाला.

यंदा ती ताटं घेऊन आमच्या यात्रेला आली. ओढा स्वच्छ होता. मला कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचं होतं, तरी जेवून तिच्याशेजारी घासायला बसले. चार-पाच ताटं झाली नसतील, तोच माझा पाय हलायला लागला. तिनं ओल्या हातानं तो दाबून धरला, जरा वेळानं सोडला.

"जा तू. बस चुकंल तुझी."

रागानं म्हणाली असती तर मी थांबले असते. ती रागावली नव्हती. मी हात धुतले आणि गेले, हे मला रोज बसमध्ये सलतं.