मागे द्यायची पपई

आमच्या शेजारचे सुभेदार कडेगावात ओळखले जातात ते क्रिकेटमुळे. पलटणीत ते रग्बी त्याहून सरस खेळायचे, पण तो खेळ इथं कुणी पाहिलेलाच नाही.

"त्यात बॉल हातानं फुडं फेकायचा न्हाई, मागच्याला द्यायचा," ते सुरू करतात.

"आवं, शिराळ्याच्या मॅचचं सांगा की!" टपरीवरचे म्हणतात. मग ते रग्बी सोडून शिराळ्याची क्रिकेट मॅच सांगतात.

परवा बाजारात भाजीवाल्यानं "क्याच, सुभेदार!" म्हणत कच्ची पपई फेकली. त्यांनी ती झेलून काखेत दाबली, ते चार पावलं पळाले आणि न बघताच मागे द्यायला हात वळवले.

मागे मी होतो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या.

"ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले, आणि पपई स्वतःच्याच पिशवीत ठेवली.