व्हॅनमधली डाव्या खिडकीची सीट

या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. व्यवसायानं मी लॅब टेक्निशियन. मोताळ्याला छोटी लॅब आहे... रक्त, लघवी, शुगर, रिपोर्ट. जे काचेखाली दिसत नाही ते नाही, असं माझं साधं गणित. आणि हे गणित मला शिकवलं आईनं. आमच्या विहारात वर्षानुवर्षं वंदना सांगणारी ती बाई. कोणाच्या अंगात आलं, कोणी उतारा टाकला असं ऐकलं की पदर खोचून भांडायला जायची. त्यामुळे हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज तिचीच वाटते आहे.

आईला विसरण्याचा आजार झाला. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. एक दिवस तिनं मला विचारलं, "तू कोनाची वं?" त्या दिवशी मी आणि माझे यजमान मिलिंद, आम्ही ठरवलं की हिला बोधगया दाखवायची. आयुष्यभर नुसतं म्हणत राहिली, जाऊ, जाऊ. ट्रेननं नेणं शक्य नव्हतं, गर्दीत ती घाबरते, कुठल्याही स्टेशनवर उतरायला निघते. मग मिलिंद म्हणाले, जुनी व्हॅन घेऊ. मधल्या सीटवर आडवं होता येईल, वाटेल तिथं थांबता येईल.

गाडी मिळाली देऊळगाव राजाला. मीटर तीन लाखांच्या पुढे गेलेलं, पण इंजिन गुळगुळीत. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं सगळं तपासून हो म्हटलं. विकणारा गजानन, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. भाड्यानं गाडी चालवायचा. म्हणाला, "गाडी चालली लई, ताई. पण वाटेत कधी सोडलं नाही तिनं." किल्ली देण्याआधी तो गाडीत जाऊन बसला, पण स्टिअरिंगवर नाही. मधल्या सीटवर, डाव्या खिडकीशी. थोडा वेळ तसाच बसून राहिला. आम्हाला वाटलं, रोजीरोटीची गाडी, जीव गुंतला असेल.

दिवाळीनंतर निघालो. मलकापूरच्या पुढे हायवेला लागलो आणि आई बोलायला लागली. महिनोन् महिने दोन शब्दांच्या पुढे न गेलेली बाई... छान गप्पा मारत होती. आम्ही इतके खूश झालो की कोणाशी बोलते आहे हे आधी लक्षातच आलं नाही. ती उजवीकडे अंग चोरून बसली होती आणि डावीकडची जागा रिकामी होती.

मी म्हटलं, "आई, खिडकीशी सरक ना. ऐसपैस बस."

"काऊन? तिथं कौसाबाई बसून राह्यली ना."

"कोण कौसाबाई?"

"आता मले काय माहीत. देऊळगावची हाय म्हनते."

मी मागच्या सीटवर होते, मिलिंदनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं त्यांना, या आजारात असं होतं, माणसं दिसतात. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आणि देऊळगावचं नाव तिनं आमच्याच तोंडून ऐकलं असणार.

नागपूरला मुक्काम करून पुढे निघालो. जंगलातल्या रस्त्यानं आईचं चाललेलंच होतं. कौसाबाईला खिडकी बंद चालत नाही. कौसाबाईला पाणी मोजून देतात, घोटभरच. मग एकदम माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तिच्या डाव्या हाताले धक्का लावू नको. त्यात गुनगुन होते. आत भुंगा अडकल्यावानी. मी हात लावून पाह्यलं."

वाचकांना सांगते, डायलिसिसच्या पेशंटच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि त्यावर बोटं ठेवली की खरंच आतून गुणगुण जाणवते. मी कामामुळे शेकडो वेळा ती अनुभवली आहे. घोटभर पाणीही त्याच पेशंटना. आमच्या घरात, नात्यात कोणाला डायलिसिस नाही. आईला हे कळायचं काही कारणच नव्हतं.

जबलपूरच्या पुढे एका ढाब्यावर दुपारी थांबलो. स्वच्छ ऊन होतं, आजूबाजूला ट्रकवाल्यांची वर्दळ. आईला मिलिंदनी बाजेवर बसवलं, आणि मी तिची शाल घ्यायला गाडीकडे आले. इंजिन बंद होतं, किल्ली माझ्या हातात होती. शाल उचलताना तोल सावरायला मी हात टेकवला, डाव्या खिडकीजवळच्या सीटवर.

बोटांखाली गुणगुण होत होती.

एका लयीत, नाडीच्या ठोक्याबरोबर फुगणारी. माझी बोटं ती ओळखतात, ती चुकणार नाहीत. मी हात काढला, परत ठेवला. परत तेच. मग मी शाल तिथंच टाकून बाहेर आले आणि गजाननला फोन लावला.

"दादा, तुमच्या गाडीत कोणी किडनीचं पेशंट असायचं का?"

तो म्हणाला, "माझी माय. जालन्याला न्यायचो मशीनवर. त्याच गाडीत..." पुढचं त्यानं पुरं केलं नाही. "सांगितलं नाही तुम्हाला. सांगितलं असतं तर तुम्ही गाडी घेतली नसती."

मी नाव विचारलं. कौसाबाई.

मिलिंदना सांगितलं तर ते म्हणाले, परत फिरू. पण आईकडे बघून दोघांचाही पाय निघेना. ती त्या प्रवासात जितकी जिवंत होती, तितकी तीन-चार वर्षांत नव्हती. आम्ही पुढे गेलो... तो निर्णय बरोबर होता का, आजही सांगता येत नाही.

आमचा बेत होता आधी सारनाथ, मग बोधगया. गंगा लागली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, काशीच्या अलीकडे. पुलाच्या आधी एक कच्चा रस्ता खाली पाण्याकडे जात होता. तिथं आईनं मिलिंदच्या खांद्यावर थाप मारली.

"थांबव. तिले उतरायचं हाय."

मी म्हटलं, "आई, आपल्याला सारनाथला जायचंय. नदीवर आपलं काय काम?"

"आपलं नाही काही. तिचं हाय. पोरगा नेतो नेतो म्हने, राहूनच गेलं तिचं."

गाडी खाली नेली. आई आधी स्वतः उतरली, कोणाचाही आधार न घेता. मग वळून तिनं आत हात दिला. एखाद्या आजारी माणसाला उतरवताना आपण देतो तसा, कोपराखाली. आणि तिचा हात वजनानं खाली गेला. मी समोर उभी होते, मी पाहिलं ते. मग हळूहळू ती पाण्यापर्यंत गेली. घोट्याइतक्या पाण्यात पाठमोरी उभी राहिली. आम्ही मागेच थांबलो, का कोण जाणे, जवळ जाववेना.

ती परतली ती एकटीच चालत. गाडीत चढली आणि डाव्या खिडकीशी बसली. काच खाली केली.

मी विचारलं, "कौसाबाई गेल्या का?"

ती म्हणाली, "मला थोडं पाणी दे गं बाई."

आमच्याकडे 'मले' म्हणतात, देऊळगावकडे 'मला'. आईच्या तोंडून मी जन्मात 'मला' ऐकलं नव्हतं. विहारातल्या भाषणातसुद्धा नाही.

बोधगयेला पोहोचलो. बोधिवृक्षाखाली बसवलं तिला. सगळा आटापिटा याच क्षणासाठी केला होता. मी हळूच वंदना सुरू केली, वाटलं, बाकी सगळं गेलं तरी हे तिच्या ओठांवर येईल. गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलेलं होतं तिनं. तिनं माझ्याकडे बघून हात जोडले... पाहुणी दुसऱ्याच्या घरच्या कार्यात जोडते तसे, अदबीनं. एकही शब्द आला नाही. मिलिंद उठून लांब जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा ताण, आजाराची पुढची पायरी. मी मानलं. मानायचंच होतं मला.

काही आठवड्यांनी गजानन आला. गाडीच्या एका कागदावर सही राहिली होती, पण खरं म्हणजे त्याला विचारायचं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, नदीचंसुद्धा. तो म्हणाला, "काशीला नेतो म्हणलो होतो मी तिला. दर खेपेला म्हणायचो." एवढ्यात आई आतून आली. आमच्याकडे कोणीही आलं तरी ती भिंतीकडे तोंड करून बसते. पण तेव्हा ती सरळ त्याच्यापुढे गेली.

"गजू, वाळलास किती रे."

नाव आम्ही बोलत होतो, तिनं ऐकलं असेल. पण मग तिनं त्याच्या डोक्यामागे हात घातला, दाट केसांत, बरोबर एका ठिकाणी बोटं थांबवली आणि विचारलं, "टाके दुखतात का अजून?"

लहानपणी गजानन आडाच्या काठावरून पडला होता. त्यानं केस बाजूला करून मला ती खूण दाखवली. केस बाजूला केल्याशिवाय ती दिसत नाही.

आता तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. तिच्यापाशी बसतो, तिला जेवू घालतो. ती त्याच्याशी बोलते, घरचं, शेजारचं, मला न कळणाऱ्या माणसांचं. गाडी आम्ही त्यालाच परत देऊ केली, त्यानं घेतली नाही. मिलिंद विकून टाकू म्हणतात. माझ्यानं होत नाही. नदीवर कोण उतरलं, हे मला माहीत नाही, आणि गाडी गेली तर विचारायची जागाही जाईल असं वाटतं.

मी माझ्या परीनं सगळं तपासून पाहिलं. सीट उसवून पाहिली, मेकॅनिकला दाखवली, आईच्या परत चाचण्या केल्या. काहीच सापडलं नाही. रिपोर्ट सगळे वयाप्रमाणे आहेत. कोणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा, पण मला धीर द्यायला म्हणून नको.

रात्री तिचं अंथरूण घालताना मी तिला आई म्हणून हाक मारते. ती ओ देते. मला कोणाची लेक समजून देते, ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.