काकांचं रेटिंग अडतीस

मी कोणालाही दहापैकी सातच्या वर गुण देत नाही. स्वभाव म्हणा, नाहीतर धंद्याचा दोष म्हणा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातली खोट काढण्याचाच मला पगार मिळतो. त्यात वडील शाळामास्तर. त्यांचं म्हणणं असं, की दहा देवाला, नऊ गुरूला, आठ आईला आणि उरलेल्या जगाला सात. हॉटेलचं जेवण, दाताचा डॉक्टर, मेहुण्याचं लग्न, सगळ्यांना मी सात दिलेत. एकदा बायकोने विचारलं, "आणि मला?" मी उत्तर द्यायला जरा जास्त वेळ घेतला, तर आठवडाभर भाजीत मीठ नव्हतं.

आमची कंपनीची बस रावेतहून निघते आणि निगडी, तळवडे करत म्हाळुंग्यावरून चाकणला जाते. अंतर फार नाही, पण तळवड्याच्या चौकात ती रोज अर्धा-पाऊण तास उभी असते. एवढ्या वेळात माणूस झोपतो, नाहीतर भांडतो. आम्ही दोन्ही करून कंटाळलो आणि फुटबॉलची लीग काढली.

कल्पना मेन्टेनन्सच्या फिटरची. चिंचवडचा, तीन पिढ्यांचं गॅरेज असलेल्या घरातला हा गडी. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात आणि आमची बंद पडलेली बस तो रोज बघत होता. त्याच्या टॅबवर एक खेळ होता. त्यात आपण बोटसुद्धा लावायचं नाही. खेळाडूंची नावं भरायची, प्रत्येकाला शंभरपैकी रेटिंग द्यायचं, मग कम्प्युटर स्वतःच प्रत्येक संघातले वरच्या रेटिंगचे अकरा जण उतरवतो, स्वतःच मॅच खेळतो आणि स्वतःच निकाल सांगतो. फिटर म्हणाला, "भावा, परदेशी खेळाडू कशाला? बसमध्ये चव्वेचाळीस जण आहोत, आपलीच नावं टाकू."

पंधरा-पंधराचे तीन संघ केले: पुढची सीट, खिडकी आणि मागची सीट. चव्वेचाळीसला एक माणूस कमी पडला, म्हणून ड्रायव्हरकाकांना पुढच्या सीटमध्ये घेतलं. त्या संघाचा मॅनेजर मी.

रेटिंग द्यायला तिघांची कमिटी बसली. फिटर, मी आणि लातूरकडचा आमचा स्टोअरकीपर. यातल्या कोणी शाळा सुटल्यापासून फुटबॉलला पाय लावलेला नव्हता, पण पुरावे भरपूर होते. सकाळी बस सुटत असताना पळत येऊन कोण पकडतो, यावरून वेग. डबा मागच्या सीटपर्यंत न सांडता कोण पोचवतो, यावरून पास. अकाउंट्सच्या मॅडमना शहात्तर मिळाले, कारण त्यांनी एकदा पर्स, छत्री आणि दोन डबे घेऊन धावती बस पकडली होती. मला इतर दोघांनी बासष्ट दिले. मी हसलो, पण ते मला लागलं.

काकांना अडतीस. दिवसभर बसून काम, आणि त्यांना पळताना कोणी पाहिलेलं नाही. एका जागी राहायची सवय म्हणून गोलकीपर लिहिलं. पूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी.

काका चऱ्होलीचे. त्यांच्या शेतावर आता बारा मजल्यांच्या चार इमारती उभ्या आहेत. पैसा आला, मुलांनी दुकानं टाकली, आणि काकांनी घरी बसून गुडघे धरण्यापेक्षा बस घेतली. ती स्वतःच चालवत आमच्या कंपनीला लावली. टॅब बघून ते म्हणाले, "आडतीस? आरं माझ्या म्हशीला बी पन्नास पडत्याल."

"काका, पुरावा नाही," मी म्हणालो.

"व्हय व्हय. पुरावा न्हाई." आणि त्यांनी गिअर टाकला.

दर सोमवारी मी तिन्ही संघांच्या ताकदीचा तक्ता करायचो. अकरा जणांची सरासरी, एका दशांश स्थळापर्यंत, रंगीत उभ्या काठ्यांचा प्रिंट. पुढची सीट नेहमी वर, मागची सीट तळाला. आणि प्रत्यक्ष लीगमध्ये मागची सीट पहिली, आम्ही शेवटचे. स्टोअरकीपर मागच्या सीटवरून ओरडायचा, "साहेब, तुमचा तक्ता उलटा धरायलाव का?" मी दुर्लक्ष करायचो. माझा तक्ता बरोबर होता, निकाल चुकत होते.

त्याच सुमाराला ॲडमिनचा सहामाही फॉर्म आला होता. बससेवेला दहापैकी गुण द्या: वेळ, स्वच्छता, ड्रायव्हरची वागणूक. हे फॉर्म आमच्याकडे नेहमी पुढून मागे जातात, आणि क्वालिटीवाला काय लिहितो ते बघून बाकीचे लिहितात. मागून आवाज आला, "साहेब, किती टाकू?" मी म्हणालो, "सात टाका. सगळीकडे दहा टाकले की फॉर्म खोटा वाटतो." चौक सुटायच्या आत चव्वेचाळीस फॉर्म भरून झाले. मी तो विषय तिथेच विसरलो.

दोनेक महिन्यांनी काकांनी तळवड्यात गाडी बंद केली आणि मागे वळून सांगितलं, की कंपनीने दुसऱ्या ठेकेदाराच्या एसी गाड्या लावायचं ठरवलंय. या महिनाअखेरीस त्यांची बस बंद. सगळे हळहळले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "महिनाभर हाय मी. येकदा तरी मैदानात उतरवा, साहेब. समदा सीझन मला बाहेर बसवून ठिवलंय."

फिटर लगेच म्हणाला, "दोन बटणांचं काम आहे. साठ करतो."

इथे कोणीही शहाण्या माणसाने मान डोलावली असती. मी म्हणालो, "असं कसं? अकराव्या खेळाडूचं रेटिंग सत्तावन्न आहे. काकांना सत्तावन्नच्या वर जायचं असेल तर कामगिरी दिसली पाहिजे. आज यांचं वाढवलं तर उद्या सगळी बस अर्ज घेऊन येईल." सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. मला वाटलं, माझा मुद्दा पटला.

दुसऱ्या दिवशी चौकात बस अडकली तसे काका खाली उतरले. पॅन्ट दोनदा दुमडली आणि म्हणाले, "लावा घड्याळ." मी स्टॉपवॉच घेऊन दारात उभा राहिलो. काकांनी बसला एक फेरी मारली, दुसरी मारली. शेजारच्या कंटेनरचा क्लीनर टाळ्या वाजवायला लागला. तिसऱ्या फेरीला काका कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेले, आणि नेमका तेव्हाच चौक सुटला. पुढची रांग सरकली, मागून साठ-सत्तर हॉर्न एकदम वाजायला लागले, ट्रॅफिक हवालदार शिट्टी फुंकत आमच्याकडे धावला, आणि आमच्या बसमध्ये ड्रायव्हर नाही. मग काका जे पळाले! साठीचा माणूस, एका हातात चप्पल, दुभाजकावरून उडी मारून सरळ सीटवर. सगळी बस उभी राहून ओरडत होती. टपरी ते सीट, माझ्या स्टॉपवॉचवर सात सेकंद होते.

वेग बावीसवरून बासष्टवर नेला. एकूण रेटिंग एक्कावन्न झालं. "अजून सात कमी," मी जाहीर केलं. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पण मलाही आत कुठेतरी टोचत होतं. शिवाय तक्ता आणि निकाल जुळत नव्हते, हे दुखणं होतंच. आमच्या धंद्यात यावर एक रिवाज आहे. मोजमापाची शंका आली, की आधी मोजणाऱ्याला मोजायचं. तेच दहा नग प्रत्येकाला दोनदा मोजायला द्यायचे, पहिला आकडा लपवून. ज्याचे दोन्ही आकडे जुळतात तो भरवशाचा. नाहीतर त्याचं माप बाद. मी ठरवलं, कमिटीचीच परीक्षा घ्यायची. दहा खेळाडू काढले, त्यात काका आणि मीही. काका म्हणाले, "मला बी कागद द्या की." चौथा मोजणारा म्हणून त्यांनाही दिला. पहिली फेरी सोमवारी, दुसरी गुरुवारची साप्ताहिक सुट्टी संपल्यावर शुक्रवारी.

निकाल लाजिरवाणा होता. फिटरचे आकडे त्याने नाश्ता केलाय की नाही यावर चालत होते. स्टोअरकीपरने मला सोमवारी सत्तर आणि शुक्रवारी पंचावन्न दिले होते, कारण मधल्या बुधवारी मी त्याचा माल परत पाठवला होता. आणि मी? मी काकांना सोमवारी एक्कावन्न दिले होते, शुक्रवारी चव्वेचाळीस. त्या दिवशी त्यांनी जोरात ब्रेक मारला होता आणि माझा चहा शर्टवर सांडला होता. वीस वर्षं मापं तपासणारा मी, चहाच्या डागावरून आकडे टाकत होतो.

काकांचा कागद मात्र स्वच्छ होता. दहाही जणांना नव्वद. सोमवारी नव्वद, शुक्रवारी नव्वद. फरक शून्य.

"हे माप नाही, अडकलेला काटा आहे!" मी ओरडलो.

फिटरने माझाच फॉर्म पुढे धरला. "यात तसं कुठं लिहिलंय? फरक शून्य म्हणजे पास. खाली तुझी सही आहे."

अडकलेला काटा पकडायचा एक रकाना खरं तर असतो. फॉर्म एका पानावर बसावा म्हणून मीच तो काढून टाकला होता. आता सही झालेला कागद खोडायचा नाही, हे मी गेली वीस वर्षं पोरांना बजावत आलोय. स्टोअरकीपर म्हणाला, "कामून तोंड पाडताव साहेब? नियम म्हणजे नियम." आणि काका आमच्या लीगचे एकमेव अधिकृत रेटिंग देणारे झाले.

त्यांनी पंचेचाळीस जणांना नव्वद दिले. माझ्या तक्त्यात तीन काठ्या एकसारख्या उंचीच्या उभ्या राहिल्या. असा निरुपयोगी तक्ता मी जन्मात काढला नव्हता, आणि सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. सगळेच सारखे झाल्यावर कम्प्युटर यादीच्या क्रमाने अकरा जण घेऊ लागला. यादी मी सीट नंबरने भरली होती. ड्रायव्हरच्या सीटला नंबर नसतो, म्हणून तिथे शून्य टाकला होता. काका सगळ्यांच्या आधी मैदानात उतरले.

त्यांच्या शेवटच्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, परतताना मॅच लावली. पुढची सीट विरुद्ध मागची सीट. म्हाळुंग्याच्या पुढे रांग लागलीच होती. फिटर टॅब धरून मोठ्याने वाचत होता आणि काका समोर बघत गाडी पुढे-पुढे ढकलत होते. "काकांनी अडवला!" की बस टाळ्यांनी दणाणायची, मागची सीटसुद्धा टाळ्या वाजवायची. "गोल!" झाला की काका स्टिअरिंगवर थाप मारायचे, "आरं माझ्या कर्मा!" पाच गोल खाल्ले, अकरा अडवले. आम्ही पाच-एकने हरलो, आणि बसमध्ये पेढे वाटले गेले.

मॅच संपल्यावर कम्प्युटर प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीला दहापैकी गुण देतो. फिटरने वाचलं, "काका, सात!"

काका मोठ्याने हसले. "कम्प्युटर बी तुमच्यासारखाच हाय, साहेब."

मी पण हसलो. एकेक जण उतरत गेला. निगडीला बस जवळजवळ रिकामी झाली. रावेतला मी शेवटचा. पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते म्हणाले, "गाडी बंद व्हनार कळलं त्याच दिशी गाडीचं कागद आणाया ॲडमिनला गेल्तो. थितं तुमचं फॉर्म व्हतं टेबलावर. आठाच्या वर सरासरी लागती म्हनं, तरच ठेका फुडं चालतो."

मी पायरीवरचा पाय मागे घेतला.

"समद्यांचं सात. एका हातानं लिवल्यासारखं. मी त्या क्लार्कला इचारलं, सात म्हंजी चांगलं का वंगाळ? त्यो म्हनला, चांगलंच हाय काका, पर पुरत न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी काय मुद्दाम केलं न्हाई, ठावं हाय मला. जावा, सावकाश उतरा."

मग माझ्या लक्षात आलं. कागद ताब्यात घ्यायला काका परीक्षेच्या त्या पहिल्या सोमवारच्याही आधी गेले होते. म्हणजे सात त्यांनी आधी पाहिले, आणि मला नव्वद नंतर दिले. दोनदा. मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "काका, गाडी छान चालवता तुम्ही." आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

नव्या एसी बसचा ड्रायव्हर गाडी वाईट चालवतो. गतिरोधक दिसत नाही, सारखा फोनवर असतो, पावसात मॅडमना एकदा स्टॉपच्या पुढे नेऊन सोडलं. गेल्या महिन्यात सहामाही फॉर्म आला. तळवड्याच्या चौकात मी तो मांडीवर घेतला, तर मागून आवाज आला, "साहेब, किती टाकू?"

"दहा," मी म्हणालो.

चौक सुटायच्या आत चव्वेचाळीस जणांनी दहा लिहिले.