नैवेद्याचा पडदा

देवावर माझा राग आहे, हे आधीच सांगते. माझी आई देवदर्शनालाच गेली होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका जत्रेत पायऱ्यांवर रेटारेटी झाली आणि ती खाली चेंगरून गेली. तेव्हापासून मी हात जोडणं सोडलं. पण मी गावची पोलीस पाटील. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताह आला, की मंदिरात माणसं कुठं चेंगरतील हे बघून ठाण्यात कळवायचं काम माझ्याकडेच येतं.

यंदा बघायला गेले, तर धोका समोरच दिसला. सभामंडपाचं वापरातलं दार एकच. बायका आत बसतात, पुरुष बाहेर मैदानात, आणि काल्याची हंडी टांगतात नेमकी दारात. ती फुटली की बाहेरचे लाह्यांसाठी आत घुसणार, आतल्या बाहेर निघणार. स्वयंपाकाच्या बाजूला एक लहान दार होतं, तर त्याला बाहेरून कढया आणि आट्याची पोती लावलेली. मंदिर समितीच्या तात्यांना म्हटलं, हंडी मैदानात टांगा आणि हे दार मोकळं करा. ते हसले. "पाटीलबाई, वाडवडलापासून हंडी इथंच फुटते. देवाच्या दारात कोणाले काय होते?" माझी आई देवाच्या दारातच गेली होती ना! ठाण्यात कळवलं. तिथून एक शिपाई आला, तो मैदानात गाड्या लावण्यातच गुंतला.

काल्याला माझी लेक वैशाली हट्टानं आत जाऊन बसली. तिला सातवा महिना. जाऊ नको म्हटलं तर म्हणाली, "आई, तुले सगळीकडे मरणच दिसते." खरंच दिसत होतं.

कीर्तन लांबलं, ऊन तापलं, लोक चुळबुळू लागले. मग घाईघाईत हंडी फोडली आणि जे व्हायचं तेच झालं. बाहेरचा लोंढा दारात, आतल्या बायका दारात. मी मैदानात होते. दाराच्या खांबाशी दबलेला वैशालीचा चेहरा दिसला, तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते. मी ओरडत होते, पण ऐकतो कोण! आईही अशीच दबली असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

तेवढ्यात गाभाऱ्याकडून एक खणखणीत आवाज आला, "पडदा लागला! देव जेवून राह्यला! बसा खाली!"

आमच्याकडे नैवेद्याचा पडदा लागला, की जो जिथं असेल तिथंच बसतो. देवाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही. आतल्या बायकांनी तेच शब्द उचलले, ते मैदानात पोचले आणि सगळ्यात मागचे पुरुष पटापट खाली बसले. मग त्यांच्या पुढचे बसले. दारातला रेटा सुटला. मी स्वयंपाकाच्या बाजूला धावले, कढया-पोती ओढून लहान दार उघडलं आणि बायकांना एकेक करून बाहेर काढलं. वैशाली आली ती माझ्या गळ्यातच पडली.

पडदा ओढून ओरडणारी म्हातारी सुलतानपूरहून नातेवाइकांकडे आली होती. मी तिचे पाय धरले, तर ती गोंधळलीच. "काऊन पाया पडता, बाई? नैवेद्य दाखवाचाच राह्यला होता. देव उपाशी, अन् तुम्ही लोकं हंडी फोडून राह्यले!" दारात काय चाललं होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचं तोंड गाभाऱ्याकडे होतं.

वैशालीला मुलगी झाली. पुढच्या सप्ताहाला हंडी मैदानातच टांगायची, हे तात्यांकडून मी भांडून कबूल करून घेतलंय. देवावर भार टाकून मी काही गप्प बसणार नाही. पण आपलं सगळं करून झाल्यावरही पुढचं आपल्या हातात नसतं, हे आता मानते. आईच्या वेळी असा पडदा कोणी का ओढला नाही, हे मी देवाला अजून विचारते.

परवा मंदिरात पडदा लागला, तेव्हा मीही सगळ्यांबरोबर खाली बसले. आईच्या आठवणीनं रडू फुटलं, तरी हात जोडलेलेच राहिले. मनात म्हटलं, देवा, सावकाश जेव.