तोंडातल्या तोंडात गाणारा

तुमच्या घरी कुणी एकच कॅसेट संसारभर वाजवली आहे का? आमच्या गोव्यातल्या मये गावच्या घरात वाजली. मग तिच्याभोवती किस्से जमणारच. हल्ली मी तेच आठवत बसते.

ह्यांनी ती मांद्र्याला, खोली सोडून चाललेल्या एका गोऱ्या पाहुण्याकडून घेतली. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा रॉक बँड. गिटार स्वच्छ किणकिणते, गाणारा मात्र तोंडातल्या तोंडात. सासूबाईंनी विचारलं, काय सांगतो तो? हे म्हणाले, त्याच्या गावातल्या माणसांच्या गोष्टी.

"मागीर इतलो हळू कित्याक उलयता?" एवढं हळू बोलायचं कारण सासूबाईंना कळेना.

"गांवच्यो गजाली कोण मोट्यान सांगता, आई?"

*

हे खाणीवर ट्रक चालवायचे. ट्रकातही तीच कॅसेट. एकदा माझ्या बहिणीला म्हापशाच्या बाजारातून घरी आणताना एक अख्खी बाजू ऐकवली. ती उतरली आणि म्हणाली, "अक्का, ह्यापेक्षा पूजा बरी. शेवटी प्रसाद तरी मिळतो."

ह्यांनी तिला परत बोलावलं, पिशवीतला एक उंडो पाव हातावर ठेवला आणि दुसरी बाजू लावली.

*

माझं इंग्रजी शाळेपुरतं. पण भांडी घासताना त्यातलं एक गाणं लागलं की हात थांबायचा. तो कुणाला तरी हाक मारतोय आणि कुणी येत नाही, असं वाटायचं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "मलाही तेवढंच कळतं."

*

गेल्या पावसाळ्यानंतर ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं पुटपुटण्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहिले तर सुधारेल, गप्प बसले तर उरलेलंही जाईल. आम्ही तोंडाजवळ कान नेऊन विचारायचो, पाणी? उशी? एकदा जाऊबाई धावत बेडपॅन घेऊन आल्या. ह्यांना कॅसेट हवी होती.

त्या दिवसापासून ह्यांनी तोंड मिटलं. कॅसेट लावली तरी भिंतीकडे बघत पडायचे. मला वाटलं, संपलं.

*

एका संध्याकाळी बापू आले. सावंतवाडीकडचे, खाणीवर ह्यांच्या जोडीचे ड्रायव्हर. आता गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. ते लोकांची दुःखं देवापुढे मांडतात आणि जमलेले लोक ओळीओळीला होकार देतात.

कॅसेट चालू होती. बापूंनी ह्यांना काहीच विचारलं नाही. हात जोडून उभे राहिले आणि गाणाऱ्याची ओळ संपली की गंभीरपणे म्हणू लागले, "व्हय म्हाराजा."

मी ओशाळले. पण हे भिंतीकडून वळले. बाजू संपली, टेप खट्कन थांबला, तरी पुटपुटणं चालूच होतं. ते ह्यांचं होतं. लांबलचक, डोळ्यांतून पाणी. बापूंनी हात खाली केले नाहीत.

"व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज भरवताना हे माझ्याशी बोलले. मला एक शब्दही कळला नाही.