काळ्या पाठीचा चिरक

नालवाडीचे बंडूजी पेंटर एका गोष्टीसाठी ओळखले जात. डोळ्यांनी न पाहिलेलं ते काढत नसत. शाळेच्या भिंतीवर पेंग्विन काढा म्हटलं, तर "मी कधी गेलतो बर्फात?" असं विचारून ब्रश खाली ठेवणारा हा माणूस. फ्लेक्स आले, दुकानांच्या पाट्या गेल्या, निम्मे पेंटर ऑटो चालवू लागले. बंडूजींचं पोट खपाटीला गेलं, ऐट मात्र तशीच राहिली. हट्टी होते, थोडे बढाईखोरही होते, पण या एका गोष्टीत खोट नव्हती. आयुष्यभरात कमावलं काय, तर एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात सावंगीच्या रस्त्यावरची एक लांब भिंत त्यांच्या वाट्याला आली. वर 'वर्ध्याचे पक्षी' असं मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि खाली पक्षी काढायचे. मोर, नीलकंठ, होला, बगळा, सगळे मन लावून झाले. राहिला चिरक. चिमणीएवढा, शेपटी उभी करून नाचणारा. तो तर त्यांच्या घरच्या कुंपणावर रोज येतो. त्याला काय पाहायचं? ऊनही असं होतं की डब्यातल्या रंगावर साय धरत होती. बंडूजींनी मोबाईल काढला, नाव टाकलं, पहिलं आलं ते चित्र भिंतीवर उतरवलं. अंग काळं कुळकुळीत, खांद्यावर पांढरा पट्टा, शेपटीखाली विटकरी रंग. झकास उतरला.

दुपारी त्यांची बायको सुंदराबाई डबा घेऊन आली. भिंत पाहत पाहत शेवटच्या पक्ष्याशी थांबली.

"हा आपल्या इकडचा नाई जी," ती म्हणाली. "आपल्याची पाठ मातीच्या रंगाची राह्यते. हा तर पुरा काळा हाय."

"तुले काय समजते त्यातलं? डबा ठेव अन् जा घरी."

ती गेली. संध्याकाळी घरी चहा पिताना बंडूजींनी कुंपणाकडे पाहिलं. चिरक होता. त्याची पाठ मातकट तपकिरी होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पक्षी एकच, पण दक्षिणेतल्या नराची पाठ काळी असते आणि आपल्याकडच्याची तपकिरी. मोबाईलनं बंडूजींना तिकडचा देऊन टाकला होता. त्यांना चहा गोड लागेना. सकाळी उठून गुपचूप पाठ रंगवायची, असं ठरवून ते झोपले.

सकाळी तपकिरी रंग घेऊन गेले, तर त्या चिरकापुढे एक मुलगी उभी. अंगात नर्सिंगचा गणवेश, डोळे भरलेले. मलर तिचं नाव, तमिळनाडूतल्या एका खेड्यातून शिकायला आलेली.

"अंकल, ये हमारे गाँव का है," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "यहाँ का देखा तो मुझे लगा, इसके पीठ पे धूल लगा है. आपने ये कहाँ देखा?"

बंडूजी तोंड उघडणार, तोच समोरचा चहावाला ओमप्रकाश मोठ्यानं म्हणाला, "बेटी, हे बंडूजी हायेत. पाह्यल्याबिगर काढतच नाईत!"

आता खरं सांगायचं, तर ओमप्रकाशसमोर सांगायचं. म्हणजे दुपारपर्यंत अख्ख्या नालवाडीला कळणार. बंडूजींनी जीभ उचलून टाळ्याला लावली.

"हो. गेलतो न तिकडे एकडाव. तिथंच देखा."

मलरनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. लगेच आईला व्हिडिओ कॉल लावून तिनं भिंत दाखवली, मग बंडूजींना दाखवलं. पडद्यावरच्या बाईनं हात जोडले. बंडूजींनीही जोडले. रंगाचा डबा न उघडताच ते परत आले.

"केली का दुरुस्त पाठ?" जेवायला वाढताना तपकिरी डब्याकडे पाहत सुंदराबाईनं विचारलं.

"तू काऊन मागं लागून राह्यली माह्या?" ते खेकसले आणि मग ताटावरून उठलेच. तिची चूक काहीच नव्हती, हे कळत होतं म्हणून तर घास उतरत नव्हता. चोराच्या मनात चांदणं. रस्त्यात कोणी "वा बंडूजी, काय भिंत केली" म्हटलं, तरी हा आपल्याला टोमणा मारून राहिला असं वाटे. पेंग्विन न काढणारा माणूस एका लेकरासमोर खोटं बोलला होता, आणि तिनं पाया पडून ते खरं मानलं होतं. त्या पायांचीच त्यांना लाज वाटू लागली.

शेवटी राहवेना. एका सकाळी तपकिरी रंग आणि ब्रश घेऊन ते भिंतीपाशी जाऊन थांबले. मलर आली तेव्हा मान खाली घालूनच बोलले, "बेटी, मैं झूठ बोला. मैं कभी तुम्हारे उधर गया नहीं. मोबाईल में देखके निकाला."

 मलर चिडली नाही. नुसती त्या काळ्या पाठीकडे पाहत राहिली.

"अम्मा ने पूरे गाँव को बताया, अंकल," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचाच व्हिडिओ कॉल होता. तमिळमध्ये काही बोलणं झालं. बंडूजींना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती बाई हसत होती, आणि एखादं पोर खोटं बोलताना तोंड फिरवतं तशी मलर भिंतीकडे तोंड करून बोलत होती. मग तिनं फोन त्यांच्यासमोर धरला.

"अम्मा पूछती है, अगली बार उधर आएँगे तो हमारे घर खाना खाएँगे क्या?"

 बंडूजींनी हातातला तपकिरी रंगाचा ब्रश पाठीमागे नेला.

"हाँ बोल दो, अंकल," मलर कुजबुजली. "मैंने उसको कुछ नहीं बताया."

बंडूजी म्हणाले, "हाँ."