वहिनींची क्लॅरेट

आमच्या दादांचं नाक कल्याणात नावाजलेलं होतं. पंगतीचा स्वयंपाक नैवेद्याआधी चाखायचा नाही, म्हणून आचारी आमटीची वाफ दादांपुढे धरायचे आणि दादा डोळे मिटून निकाल द्यायचे, "मीठ कमी आहे. गूळ मात्र आता पुरे." हे माझे थोरले बंधू. ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, पण खरा रुबाब चुलीपाशी.

बाळंतपणात मूल गेलं आणि वहिनी अंथरुणाला खिळल्या. रक्त भरून यायला डॉक्टरांनी रोज जेवताना पेलाभर क्लॅरेट, म्हणजे तांबडी विलायती दारू, द्यायला सांगितली. ब्राह्मणाच्या घरात! दादांनी ती ठाण्यातल्या एका पारशाच्या दुकानातून पंच्यात गुंडाळून आणली आणि परसातल्या लाकडांमागे दडवली. चौकशी मात्र सोयरिकीची करावी तशी करून आले होते. "फ्रान्सातल्या बोर्दोची आहे. काबर्ने नावाचं द्राक्ष, बारीक, काळं, जाड सालीचं. तुरटपणा त्या सालीचा," असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

वहिनींना घोटही उतरेना. पारशानं सांगितलं होतं, "मटणासंगाती घ्या, शेट." मटण आमच्याकडे कुठून येणार? मग दादा हट्टाला पेटले. आमसुलाच्या सारानं ती कडू झाली, लिंबाच्या लोणच्यानं तर तोंड वाकडं झालं. हे कळायला अर्थात आधी स्वतः चाखावं लागे. "पहिल्यांदा करवंद लागतं रे," ते मला म्हणाले, "मग जांभळाचा तुरटपणा, आणि मागाहून सागाच्या पेटीचा वास." बोलताना त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

शेवटी तीळ-खोबऱ्याचं भरलं वांगं आणि वर तुपाची धार, असा मेळ जमला. तुपानं तुरटपणा मवाळ झाला. वहिनी पेला संपवू लागल्या, भिंत धरून ओटीपर्यंत येऊ लागल्या. एकदा त्यांनी विचारलं, "ह्याचं पाप लागेल का हो?" दादा म्हणाले, "अगं, मीही चाखलीय. लागलंच तर निम्मं माझं." वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या.

लाकडं फोडायला आलेल्या गड्याला बाटली दिसली आणि आळीत बोभाटा झाला. ज्ञातीतली वडीलधारी मंडळी ओटीवर येऊन बसली. वाळीत टाकायची भाषा सुरू झाली. "घरात कोण कोण प्यायलं?" त्यांनी विचारलं. ज्या दादांना आमटीतलं मीठ वासावरून कळे, ते खाली मान घालून म्हणाले, "औषध तिचं. मी नुसतं आणून दिलं." दाराआड वहिनी उभ्या होत्या. त्या भिंत धरून आत वळल्या.

प्रायश्चित्त एकट्या वहिनींना मिळालं. पौषातल्या थंडीत तळ्यावर स्नान, आणि ओलेत्यानं बसून पंचगव्य. दादा काठावर कोरडं लुगडं घेऊन उभे होते. त्याच संध्याकाळी वहिनींना ताप भरला. दादा पुन्हा बाटली घेऊन आले, तर त्यांनी तोंड फिरवलं. "आता नको. आता सुटले मी," म्हणाल्या. महिना पुरा व्हायच्या आत त्या गेल्या.

दादांनी दुसरं लग्न केलं नाही. आचाऱ्यांनी बोलावलं तरी ते जात नसत. वांगं पानातून बाजूला सारत. माझ्याशी बोलताना वहिनींचा विषय निघाला की उठून परसात जात. मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलाच्या मुंजीच्या पंगतीत दादा एकदम उभे राहिले. केस पांढरे झालेले. "तेव्हा मी खोटं बोललो," ते मोठ्यानं म्हणाले. "तिच्याबरोबर मीही प्यायलो होतो. मला प्रायश्चित्त द्या."

तेव्हाचे वडीलधारे केव्हाच गेले होते. तरुण वकील मंडळी हसली. एकजण प्रेमानंच म्हणाला, "बसा हो, दादा! आता असलं कोण विचारतो? निम्मी पंगत उठवावी लागेल. जेवा निवांत."

दादा बसले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "एवढंच होतं, तर तिला एकटीला मी पाण्यात का उतरू दिलं रे?"